डोके आणि टोपी यांच्यामधली बोटभर जागा

हैदराबाद शहर सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे तेथे सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या ९ तारखेच्या आणि ऑगस्टच्या ३ तारखेच्या आगेमागे, भर दुपारी नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. ‘शून्य सावली’च्या या दोन दिवसांपैकी ऑगस्टमधला बहुधा ढगांआड निघून जातो; मेमधला मात्र ऐन उन्हाळ्यात पडतो, आणि त्या दिवसांत शहराचे सरासरी कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या जवळपास असते. बेगमपेटच्या वेधशाळेत २ जून १९६६ रोजी ४५.५ अंशांची नोंद झालेली आहे. अशा ठिकाणी उन्हात उभे राहून काम करणाऱ्या माणसाच्या शरीराचा सूर्याला सर्वांत सरळ सामोरा जाणारा भाग म्हणजे डोक्याचा माथा, आणि म्हणूनच टोपीचा विचार येथे शोभेच्या किंवा पेहरावाच्या अंगाने न करता, दोन-तीन वितींच्या छपराचा विचार म्हणून करणे अधिक योग्य ठरते.

निरभ्र दुपारी जमिनीच्या एक चौरस मीटर क्षेत्रावर सुमारे १,००० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते, आणि वरून पाहिल्यास प्रौढ माणसाच्या माथ्याचे क्षेत्रफळ ढोबळमानाने ०.०२२ चौरस मीटर भरते, म्हणजे केवळ माथ्यावर साधारण २२ वॅट उष्णता ओतली जात असते. हा आकडा दिसायला लहान आहे. पण ती सगळी उष्णता शोषली गेली असे धरले, तर ती घालवण्यासाठी तासाला ३० ते ३५ ग्रॅम घाम एकट्या डोक्यावरूनच वाळून जावा लागतो, कारण एक ग्रॅम घामाची वाफ होताना शरीरातून सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता उचलली जाते. उष्णता शरीराबाहेर जाण्याचे एरवीचे मार्ग, म्हणजे सभोवतालच्या वस्तूंकडे होणारे विकिरण आणि हलत्या हवेबरोबर होणारे संवहन, हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा कमी असेपर्यंतच उपयोगी पडतात; हवा ४० अंशांवर गेली की तेच मार्ग उलटे वाहू लागतात आणि बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. टोपीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा निर्माण होतात त्या येथेच, कारण ऊन अडवण्यासाठी ती घट्ट विणीची आणि अपारदर्शक हवी, तर घाम वाळण्यासाठी तिच्याखालून हवा अखंड खेळती राहायला हवी. चांगल्या टोपीची रचना म्हणजे या दोन मागण्यांमध्ये घडवून आणलेला समेट होय.

हा समेट केवळ कापड बदलून होत नाही, ही गोष्ट बाजारातल्या बहुतेक टोप्या विसरतात. कापड कितीही हलके आणि सच्छिद्र असले, तरी ते माथ्याला चिकटून बसले की उन्हाने तापून ती उष्णता थेट केसांना आणि त्वचेला देते. शिवाय घामाने ओले झाले की त्याची छिद्रे पाण्याने भरतात आणि हवा आत शिरण्याचे थांबते. उलट, टोपीचे कवच आणि डोके यांच्यामध्ये बोटभर जागा राखली, तर तापलेल्या कवचाची उष्णता त्या जागेतील हवेबरोबर वाहून जाते आणि डोक्यापर्यंत तिचा थोडाच अंश पोहोचतो. पत्र्याच्या छपराखाली काही अंतर सोडून दुसरे आच्छादन घालण्यामागे हेच तत्त्व आहे.

या तत्त्वाचा सर्वांत पूर्ण आविष्कार ज्या टोपीत झाला, तिची आठवण आज प्रेमाने काढली जात नाही, आणि त्यात काही नवलही नाही. सिकंदराबाद आणि तिरुमलगिरीच्या छावण्यांमधले इंग्रज अधिकारी जी ‘सोला हॅट’ घालत, ती सोला नावाच्या, मराठीत भेंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणथळ वनस्पतीच्या गाभ्यापासून तयार होई. हा गाभा पांढरा, मऊ आणि आश्चर्य वाटावे इतका हलका असतो, कारण त्याच्या पेशींमध्ये हवाच भरलेली असते. महाराष्ट्रात याच भेंडापासून बाशिंगे आणि देवांची मखरे करण्याची पद्धत आहे. भेंडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून घुमटाचा आकार दिला जाई आणि त्यावर पांढरे किंवा खाकी कापड चढवले जाई. सोला हॅटचे खरे मर्म मात्र भेंडात नव्हते. डोक्याभोवती बसणारा चामड्याचा पट्टा कवचाला सलग शिवलेला नसे, तर बुचाच्या लहान तुकड्यांनी किंवा तत्सम आधारांनी तो कवचापासून अलग धरलेला असे, त्यामुळे पट्ट्याभोवती सर्व बाजूंनी हवा आत येई, आणि घुमटाच्या टोकाला झाकणी असलेले जे भोक ठेवलेले असे, त्यातून तापलेली हवा बाहेर पडे. कित्येक टोप्यांच्या काठाच्या आतल्या बाजूला हिरवे कापड लावत, म्हणजे जमिनीवरून परावर्तित होऊन येणारी तिरीप डोळ्यांवर कमी पडे.

ज्यूलियस जेफ्रीझ या हिंदुस्थानात नोकरी केलेल्या शल्यचिकित्सकाने १८५८ साली सैन्याच्या पोशाखावर आणि निवासावर लिहिलेल्या ग्रंथात शिरस्त्राणाचा प्रश्न उष्णतेचा आणि हवेचा म्हणूनच मांडला होता. पुढच्या अर्धशतकात मात्र या सरळ विचारावर एका विचित्र सिद्धांताचे सावट पडले. सूर्यप्रकाशातील काही अदृश्य किरण कवटी भेदून मेंदूला इजा करतात आणि गोऱ्या वर्णाच्या माणसाला त्यांपासून विशेष धोका असतो, अशी समजूत रूढ झाली, आणि तिच्यापोटी पाठीच्या कण्यावर बांधायच्या गाद्यासुद्धा निघाल्या. फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैनिकांना नारिंगी-तांबड्या रंगाचे अंतर्वस्त्र आणि टोपीला त्याच रंगाचे अस्तर देऊन या समजुतीची परीक्षा घेण्यात आली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाप्रमाणे त्या रंगाचा काही लाभ दिसला नाही, उलट ते कपडे अधिकच उकडणारे ठरले. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशांमध्ये सैनिक साध्या टोप्यांनिशी, पुष्कळदा बोडक्या डोक्याने वावरले आणि त्या सिद्धांताचा उरलासुरला आधारही गेला. त्याच्याबरोबर सोला हॅटही गेली, आणि साम्राज्याची निशाणी म्हणून तिचे जाणे स्वाभाविक होते. परंतु चुकीच्या कारणासाठी घातली जाणारी ती टोपी रचनेच्या दृष्टीने बरोबर होती, हे त्या गडबडीत कोणी फारसे लक्षात घेतले नाही.

तिच्याच काळात निजामाच्या हैदराबादेत प्रतिष्ठित मानली जाणारी रुमी टोपी ही या बाबतीत नेमके उलटे उदाहरण आहे. दाबलेल्या लोकरीची, काठ नसलेली, काळा गोंडा मिरवणारी ही टोपी ना चेहऱ्यावर सावली देई, ना मानेवर. लोकरीच्या घट्ट नमद्यातून हवा जाण्याचाही संभव थोडाच. तुर्कस्तानाने १९२५ साली कायद्याने तिला हद्दपार केल्यावरही हैदराबादेत शेरवानीसोबत ती दिमाखाने वावरत राहिली, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खाँ यांच्या कित्येक छायाचित्रांत ती दिसते. तिची उंची तेवढी उपकारक म्हणावी, कारण माथ्यावर हवेचा एक कोंडलेला थर राही. पण कोंडलेली हवा ऊन थोपवू शकते, घाम वाळवू शकत नाही.

१९५६ पर्यंत त्याच राज्यात असलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याचे पागोटे या दोहोंपेक्षा वेगळ्या मार्गाने जाते. कित्येक मीटर सुती कापडाचे सैलसर वेढे एकमेकांवर बसताना त्यांच्यामध्ये हवेचे अनेक पातळ थर धरून ठेवतात, मानेवर सोडलेला शेमला पाठीमागचे ऊन अडवतो, आणि भर दुपारी तेच कापड विहिरीवर भिजवून पुन्हा बांधता येते. शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे. हवेचे तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या मानाने प्रत्यक्षात असलेले बाष्प, २५ टक्के असेल, तर वाऱ्यात आणि सावलीत धरलेले ओले कापड सुमारे २४ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांतली दुपार अशीच कोरडी असते. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती एवढी साधत नाही, आणि पावसाळा सुरू झाला की हैदराबादेतही तिचा प्रभाव उतरतो. पागोट्याची उणीव एवढीच, की त्याला काठ नसल्यामुळे डोळे, नाक आणि गाल उघडे राहतात. तेलंगणातील आणि महाराष्ट्रातील धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतात, तिने ती उणीव काहीशी भरून निघते, परंतु हात मोकळे ठेवून वाकून करायच्या कामाला ती सोयीची नाही.

काठाचे गणित सोपे आहे आणि तरीही टोप्या करणारे ते क्वचितच मांडतात. सूर्य क्षितिजापासून ज्या कोनावर असेल, त्या कोनाचा स्पर्शक, म्हणजे त्रिकोणमितीतील उंची आणि पाया यांचे गुणोत्तर, काठाच्या रुंदीने गुणला की सावली चेहऱ्यावर किती खाली उतरते ते कळते. साडेसात सेंटिमीटरचा काठ सूर्य ६० अंशांवर असताना १३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ हनुवटीपर्यंत सावली देतो. सूर्य ४५ अंशांवर उतरला की तीच सावली साडेसात सेंटिमीटरवर, नाकाच्या आसपास थांबते, आणि ३० अंशांवर जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर उरते. ऑस्ट्रेलियातील कर्करोग परिषद रुंद काठाच्या टोपीसाठी किमान साडेसात सेंटिमीटरचीच शिफारस करते. याहून फार रुंद काठ करण्यात अर्थ नसतो, कारण तो वाऱ्याला सापडतो, आणि हैदराबादेत मे महिन्यात संध्याकाळच्या सुमाराला उठणाऱ्या वळिवाच्या वावटळीत अशी टोपी हातात धरूनच चालावे लागते. पुढे आणि मागे रुंद, बाजूंना किंचित अरुंद असा लंबगोल काठ, आणि मानेवर सुटी झालर, ही मांडणी अधिक व्यवहार्य ठरते. काठाची वरची बाजू फिकट आणि खालची गडद असावी. बाजारात बहुधा दोन्ही बाजूंना एकच रंग दिलेला असतो.

झरोके कोठे ठेवावेत हा त्याहून नाजूक प्रश्न आहे. जाळी थेट माथ्यावर दिली तर हवेबरोबर ऊनही आत येते, आणि अतिनील किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पण त्वचा जाळणारे किरण, विरळ विणीच्या, ताडाच्या पानांच्या किंवा गवती टोपीतूनही झिरपतात. म्हणून झरोके टोपीच्या उभ्या भिंतीत, काठाच्या थोडे वर असावेत, आणि माथ्यावर ठेवायचाच असेल तर सोला हॅटप्रमाणे त्याला वरून झाकणी असावी. तापलेली हवा आपोआप वर जाते या तत्त्वावर मात्र फार विसंबता येत नाही, कारण टोपीच्या दहा-बारा सेंटिमीटर उंचीत तो उपसा अगदी दुबळा असतो. चालणाऱ्या माणसाला स्वतःच्या गतीने मिळणारा सेकंदाला मीटरभर वेगाचा वारा त्यापेक्षा कितीतरी अधिक काम करतो. सायकलस्वारांच्या हेल्मेटमध्ये पुढच्या भोकांपासून मागच्या भोकांपर्यंत आतून खाचा कोरलेल्या असतात त्या याच कारणाने, कारण नुसती भोके पाडून त्यांना आतून वाट दिली नाही, तर ती केवळ दिखाऊ राहतात.

एका जागी उभे राहणाऱ्याला हा वारा मिळत नाही, आणि चौकातला वाहतूक पोलीस हे त्याचे ठळक उदाहरण होय. हैदराबादलगतच्या राचकोंडा पोलीस आयुक्तालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये वाहतूक पोलिसांसाठी विजेरीवर चालणारी वातानुकूलित हेल्मेटे प्रायोगिक तत्त्वावर वापरून पाहिली, आणि हैदराबादच्याच जार्श सेफ्टी या कंपनीने औद्योगिक कामगारांसाठी अशी हेल्मेटे तयार केलेली आहेत. अशा उपकरणांत थंडावा आणण्याचा एक मार्ग म्हणजे १८३४ साली झाँ पेल्तिए या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिलेला परिणाम, ज्यात दोन भिन्न पदार्थांच्या सांध्यातून वीज वाहिली की एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. ही तापलेली बाजू ४२ अंशांच्या हवेत आपली उष्णता सोडणार, म्हणजे तिला पंखा हवा, पंख्याला विजेरी हवी, आणि विजेरीचे वजन मानेने पेलायला हवे. भट्टीजवळ काम करणाऱ्याला हा व्यवहार परवडू शकेल. भर रस्त्यावर मात्र आधी कवच पांढरे करणे, काठ वाढवणे आणि पट्टा कवचापासून अलग करणे हे स्वस्तातले उपाय पुरेपूर करून पाहावेत, हे अधिक शहाणपणाचे दिसते. छोटा पंखा एकटाच बसवावा, तर ४० अंशांपलीकडची हवा कोरड्या त्वचेवर सोडल्यास ती शरीराला तापवतेच. म्हणून पंख्याखाली ओलसर पट्टी आणि पोलिसाच्या हाताशी पिण्याचे पाणी असायलाच हवे. तेलंगणा सरकारने २०२३ साली ऊन परतवणाऱ्या छतांचे धोरण जाहीर केले, त्यातला फिकट रंगाचा विचार छताइतकाच टोपीलाही लागू पडतो.

बांधकामावरचे पिवळे हेल्मेट या साऱ्या चर्चेत सहसा येत नाही, वास्तविक बोटभर जागेचे तत्त्व आज सर्वांत नियमाने पाळले जाते ते त्यातच. आयएस २९२५ हे भारतीय मानक ज्या औद्योगिक हेल्मेटला लागू आहे, त्यात कवच डोक्यावर टेकत नाही, ते पट्ट्यांच्या झोळीवर तोललेले असते. हे अंतर वरून पडणाऱ्या विटेचा आघात झेलण्यासाठी राखलेले आहे, पण त्यातून हवाही खेळू शकते. त्याला बाहेरून बसवता येणारा कापडी काठ आणि मानेची झालर जोडली, तर सुरक्षेला धक्का न लावता उन्हाची टोपी तयार होते, आणि अशा जोडण्या बाजारात उपलब्धही आहेत. अडचण येते ती डोक्यावर ओझे वाहणाऱ्या स्त्रियांची. हैदराबादच्या इमारती उभारण्यात पालमूर भागातून, म्हणजे महबूबनगरकडून, पिढ्यानपिढ्या येणाऱ्या मजुरांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांतल्या बाईच्या डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेले असते. घमेले असेतो ती स्वतःच सावलीत असते, ते उतरवून परतताना मात्र माथा उघडा पडतो. काठाची टोपी घमेल्याखाली बसत नाही, हेल्मेटवर चुंबळ टिकत नाही, आणि मागे अंबाडा असल्यामुळे पुरुषांच्या मापाचा गोल पट्टा डोक्यावर नीट बसतही नाही. चुंबळीलाच बाहेरच्या बाजूने घडी होणारा काठ शिवावा, आणि मागच्या बाजूला पट्टा खुला ठेवून नाडीने आवळण्याची सोय करावी, इतका साधा प्रयोगसुद्धा बाजारातल्या टोप्यांत शोधून सापडत नाही.