नांदेडला घर, हैदराबादची नोकरी. टॅक्स कुठल्या राज्यात? समजून घ्या

लॅपटॉप नांदेडला, ऑफिस हैदराबादला. किंवा घर लातूरला आणि कंपनी पुण्यात. कोरोनाकाळात गावी परतलेले काही जण अजूनही घरूनच काम करतात. रिटर्न भरायची वेळ आली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: गाव बदललं, मग टॅक्सही बदलतो का?

इन्कम टॅक्स बदलतो का?

नाही. पगारावरचा आयकर केंद्र सरकारचा आहे. राज्यांना फक्त शेती उत्पन्नावर आयकर लावता येतो. त्यामुळे नांदेडला राहा की हैदराबादला, स्लॅब तेच आणि रिटर्नही एकच. अमेरिकेत तसं नाही. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्याला साधारणपणे दोन्ही राज्यांत रिटर्न भरावं लागतं.

मग राज्याचं काय कापलं जातं?

प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. घटनेच्या कलम २७६ नुसार त्याची मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. महाराष्ट्रात १० हजारांवरील पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात. महिलांना २५ हजारांपर्यंत सूट आहे. तेलंगणात २० हजारांवरील पगाराला महिन्याला २०० रुपये. दिल्ली, हरियाणात हा करच नाही. पेरोलमध्ये तुमचं कामाचं ठिकाण कोणतं नोंदवलंय, त्यावरून कंपनी सहसा कपात करते. ते एचआरला विचारा. फ्रीलान्सर असाल, तर नावनोंदणी करून हा कर स्वतःच भरायचा असतो.

खरा फरक कुठे पडतो?

घरभाडे भत्त्यात, म्हणजे एचआरएमध्ये. जुन्या करप्रणालीत सवलत मिळते ती प्रत्यक्ष दिलेल्या भाड्यावर. समजा, बेसिक ४० हजार, एचआरए २० हजार आणि पुण्यातलं भाडं १५ हजार. भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा केले की महिन्याला ११ हजार रुपये करमुक्त होतात. ऑक्टोबरपासून तुम्ही लातूरला स्वतःच्या घरी आलात, तर पुढच्या सहा महिन्यांची सवलत शून्य. म्हणजे ६६ हजार रुपये करपात्र. २० टक्के स्लॅबमध्ये सेससह १३,७२८ रुपये टॅक्स वाढतो.

जुना भाडेकरार दाखवून सवलत चालू ठेवली तर?

चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं, तर बुडवलेला कर आणि व्याज भरावंच लागतं. शिवाय त्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो.

आई-वडिलांना भाडं दिलं तर चालतं?

चालतं. पण घर त्यांच्या नावावर हवं, पैसे खरोखर बँकेतून त्यांच्या खात्यात जायला हवेत आणि हे उत्पन्न त्यांनी आपल्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर घरमालक म्हणून त्यांचा पॅन कंपनीला द्यावा लागतो.

नव्या करप्रणालीत असाल तर?

एचआरएची सवलत तिथे नाहीच, त्यामुळे गाव बदलल्याने आयकराचं गणित बदलत नाही. प्रोफेशनल टॅक्सची वजावटही मिळत नाही.

आता काय कराल?

• नवा पत्ता आणि गावी आल्याची तारीख एचआरला ई-मेलने कळवा.
• पगाराच्या स्लिपवर प्रोफेशनल टॅक्स एकदाच कापला जातोय ना, ते पाहा.
• फॉर्म १६ मध्ये वर्षभराची एचआरए सवलत आली असेल, तर रिटर्नमध्ये खरा आकडा टाका आणि फरकाची रक्कम भरा.