आधी ब्रेक, मग इंजिन

गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या एका संध्याकाळी घरी आला. चहा बाजूला सारून म्हणाला, "चाचा, अब्बांना तुम्हीच समजवा." मागणी साधी होती. दोन वर्षांच्या पगारातून पोराने ऐंशी हजार रुपये बाजूला टाकले होते आणि त्याला जुनी आरएक्स हंड्रेड घ्यायची होती. त्याचे अब्बा, म्हणजे माझे थोरले भाऊ, त्या गाडीचे नावही काढू देत नव्हते. कारण मला ठाऊक होते. १९८९ साली भाईजानकडे हीच गाडी होती. आज त्यांचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही.

नव्या पिढीसाठी थोडी ओळख करून देतो. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. इंजिन ९८ सीसीचे, ताकद ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे किरकोळ वाटतील. पण फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा जोर मिळतो, या टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला मिळतो. त्यात अंग हलके. म्हणून ती मूठ पिळताच उसळते. अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक कंपनीने मध्यम बांध्याच्या मोटारीत ६.४ लिटरचे मोठे इंजिन बसवून जीटीओ नावाची गाडी विकायला काढली. अशा गाड्यांना पुढे मसल कार म्हणू लागले. त्या जीटीओला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेकच होते. आमची आरएक्स ही त्याच जातीची: ताकद भरपूर, ब्रेक मात्र दोन्ही चाकांना ड्रमचे.

मी कविता करणारा माणूस. पाना हातात धरला तर नट आधी घाबरतो. म्हणून पुतण्याला घेऊन मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जे शिकवले ते जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

गाडी पाहायला जाल तेव्हा आधी कागद पाहा. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून घ्या. नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत उलटून गेली असेल तर तो खर्च गाडीच्या किमतीतच धरा. गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर तिथले ना-हरकत पत्र हवे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम संपले असे समजू नका, नाव प्रत्यक्ष बदलून घ्या. ही काळजी विकणाऱ्यानेही घ्यायला हवी. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

मग इंजिन. ते थंड असतानाच पाहायला जा. हात लावल्यावर गरम लागले तर मालकाने तुमच्या आधी किक मारून ठेवली आहे. ते का, हे विचारा. किक मारताना पायाला चांगला विरोध जाणवला पाहिजे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेल जळते, म्हणून सुरुवातीला धूर येणारच. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर क्रँकचे सील गेलेले असू शकते आणि गिअरचे तेल इंजिनात ओढले जात असते. बोअर किती वेळा झाला आहे, हेही विचारून घ्या. प्रत्येक वेळी सिलिंडर थोडा मोठा करून मोठा पिस्टन घालतात आणि त्याला मर्यादा असते. टाकीत टॉर्च मारून गंज पाहा. हँडलच्या मानेपाशी नवे वेल्डिंग दिसले तर परत फिरा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. टायरला खाचा शिल्लक आहेत म्हणून तो तरुण ठरत नाही.

शेवटी अठ्ठेचाळीस हजारांना एक गाडी मिळाली. रंग उडालेला, पण कागद चोख. हातात बत्तीस हजार उरले. पुतण्याची यादी तयार होती: सिलिंडर घासून पोर्ट मोठे करायचे, सायलेन्सर आतून मोकळा करायचा, वर काळा रंग. मिस्त्रींनी यादी वाचली आणि खिशात घातली.

मग त्यांनी समजावले. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा नुसता आवाज गिळणारा डबा नव्हे. इंजिनातून निघालेल्या वायूची लाट त्याच्या पोटातून परत उलटते आणि बाहेर सटकू पाहणारे ताजे पेट्रोल-मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. त्याची ठेवण बिघडवली की आवाज वाढतो आणि पेट्रोल वाया जाते, पण ताकद वाढत नाही. पोर्ट घासले तर वरच्या वेगात जोर मिळतो, पण खालचा जोर जातो, उष्णता वाढते आणि पिस्टन अडकण्याची भीती राहते. मला आमच्या मिरजेतल्या सतारी आठवल्या. जवारी काढणारा कारागीर आधी कान लावतो, मग कानस. इथे पोरे कानस आधी चालवतात. घासलेले लोखंड परत भरून येत नाही.

कायदाही हेच सांगतो. कंपनीने नोंदवलेल्या ठेवणीपासून गाडी वेगळी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आरसी बुकात एक रंग आणि गाडीवर दुसरा, हेही चालत नाही.

मग बत्तीस हजार गेले कुठे? कागदपत्रे आणि विमा सहा हजार. इंजिनाला पिस्टन, बेअरिंग, सील बारा हजार. दहा हजार मात्र न दिसणाऱ्या गोष्टींवर: नवे ब्रेक लायनर आणि केबल, लेथवर घासून गोल केलेले ड्रम, दोन टायर, कोनसेट, चेनसेट. उरलेल्या चार हजारांत मूळचाच लाल रंग.

पुतण्या कुरकुरला, तेव्हा मी त्याला घरात कधीच न बोलली गेलेली गोष्ट सांगितली. भाईजाननी त्या वेळी गाडीचे पोर्ट घासून घेतले होते. गाडी वाऱ्यासारखी पळत होती. ब्रेकचे लायनर झिजले होते, पण पैसे संपले होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. एका उताराखाली बैलगाडी आडवी आली आणि हा हिशेब त्यांना तिथे कळला. त्यांनी दोष नेहमी गाडीला दिला. गाडीने तर त्यांना सांगितले तेवढेच केले होते. पळायला शिकवले, ती पळाली. थांबायला कोणी शिकवलेच नव्हते.

गाडी तयार झाली त्या दिवशी आम्ही ती भाईजानच्या दारात नेली. ते काठी टेकत बाहेर आले. बराच वेळ उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. आवाजाबद्दल ते काही बोलले नाहीत, रंगाबद्दलही नाही. पोराला एवढेच म्हणाले, "त्या खांबापर्यंत जा, आणि परत येताना माझ्यासमोर ब्रेक दाबून दाखव."

पोरगा गेला, वळला, आला. गाडी दारासमोर जिथल्या तिथे थांबली.

"पुन्हा दाखव," भाईजान म्हणाले आणि पायरीवर बसले.