काचेच्या पेटीतला पहारेकरी

आपल्या मंडळींना मासा म्हटला की आधी तवा आठवतो. त्यामुळे नातवाच्या हट्टापायी आमच्या दिमोनाच्या घरात खाऱ्या पाण्याचे अक्वेरियम आले, तेव्हा येणारा प्रत्येक पाहुणा "हे खायचे केव्हा?" असेच विचारी. त्यात मासा निघाला गोबी. भाजीची आणि याची काही ओळख नाही. अलिबाग-रेवदंड्याच्या खाडीत चिखलावर उड्या मारणारी निवटी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मात्र हा चेहरा परका वाटणार नाही. डोळे तसेच डोक्यावर, नजर तशीच सावध. निवटी ही गोबींचीच नातलग.

हा मासा आम्ही निवडला तो त्याच्या संसारासाठी. तळाला राहणारे काही गोबी एका कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबी दिवसभर वाळू उपसून बीळ राखते, पण तिला नीट दिसत नाही. मासा दाराशी बसून पहारा करतो. बाहेर आली की ती आपली एक मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि ती आत पळते. धोका जवळच आला तर मासाही तिच्यामागे डोक्यावर बिळात घुसतो. एलातच्या समुद्रात ही जोडी राहते आणि तिथे तिचा बराच अभ्यास झाला आहे. तिथल्या एका गोबीच्या जातीला १९७४ मध्ये स्टाइनिट्झ हे नाव दिले गेले, एलातची सागरी प्रयोगशाळा उभारणारे हाइन्झ स्टाइनिट्झ यांच्यावरून.

एक गोष्ट आताच सांगतो. एलातला गेल्यावर बाटलीतून मासा किंवा खडकाचा तुकडा आणण्याचा मोह कोणी करू नये. प्रवाळाला कायद्याचे संरक्षण आहे. आमचा पिवळा वॉचमन गोबी दुकानातला, मूळचा पश्चिम पॅसिफिकचा.

मासा छोटा, पेटी छोटी, म्हणजे काम कमी, अशी आमची समजूत होती. ती पार उलटी निघाली. आमच्या पेटीत ६० लिटर पाणी आहे, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ. हे मीठ अक्वेरियमचे खास, स्वयंपाकाचे चालत नाही. शारव सुटला की रोज लिटरभर पाणी उडून जाते, पण मीठ जात नाही. तीन दिवस लक्ष दिले नाही तर ३५ चे जवळजवळ ३७ होतात. मोठ्या पेटीला हे कळतही नाही, छोटीला सोसत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे, गाळलेले पाणी रोज घालायचे. खारे घालायचे नाही. ही चूक पुष्कळांकडून होते, आमच्याकडूनही झाली.

पण त्याहून मोठी चूक घाईची. दुकानदार म्हणाला, आठवड्याने मासा सोडा. आम्ही सोडला, चौथ्या दिवशी तो गेला. नातवाने त्याला बाल्कनीतल्या कुंडीत पुरले आणि "आता मासा नको" म्हणून सांगितले. नंतर कळले की नव्या पेटीत माशाच्या घाणीचा अमोनिया साठतो. तो पचवणारे जिवाणू खडकात आणि वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा आणू नये. दुसऱ्या वेळी आम्ही सहा आठवडे नुसती रिकामी पेटी पाहत बसलो. शेजारीण रोज विचारी, "मासे लपले का?"

खडक आधी काचेवर टेकवावेत, मग भोवती वाळू घालावी. वाळूवर खडक ठेवला तर कोळंबी खालून पोखरते आणि तो तिच्याच अंगावर येतो. वाळू पाच-सात सेंटिमीटर, तीत प्रवाळाचे बारीक तुकडे मिसळावेत, नाहीतर बिळाचे छत टिकत नाही. वर बारीक जाळी हवीच. गोबी घाबरला की उडी मारतो, वायरीपुरती फटही त्याला पुरते.

बाकी रोजचे काम फार नाही. पाणी २४ ते २६ अंशांवर ठेवायचे. उन्हाळ्यात मझगान नसेल तर पाण्यावर छोटा पंखा लावावा, मात्र पाणी अधिक उडते हे धरून चालावे. दिवा आठवडाभर शब्बाथच्या टायमरवर. गोठवलेली बारीक कोळंबी दिवसातून दोनदा, चिमूटभर. दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदलायचे. मासा आजारी पडला तर तांब्याचे औषध या पेटीत घालू नये. कोळंबी त्याने मरते.

कोळंबी आणल्यावर पिशवीत तासभर थेंबथेंब आमच्या पेटीचे पाणी मिसळले, मग तिला सोडले. मासा एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. पाच दिवस कोणी कोणाकडे पाहिले नाही. सहाव्या सकाळी नातू ओरडत आला. दोघे एकाच दारात होते आणि तिची मिशी त्याच्या पाठीवर होती.

त्याच रात्री हॉलमधून "टक्" असा आवाज आला. काच तडकली म्हणून आम्ही दोघे टॉवेल घेऊन धावलो. काच शाबूत होती. ही कोळंबी आपला मोठा नांगा इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा फुटून तसा आवाज होतो. हॉलमध्ये झोपणाऱ्या पाहुण्यांना आता आम्ही आधीच सांगून ठेवतो.