एकच निगेटिव्ह

सकाळी सात. मालीतल्या बामाको शहराच्या बामाको-कुरा वस्तीत, तुरुंगाजवळच्या घराच्या अंगणात छायाचित्रकार सेदू केइता भिंतीवर पडदा ताणतो आहे. पडदा म्हणजे त्याच्याच पलंगावरचा झालरीचा पलंगपोस. साल 1950 धरू. मालीला तेव्हा फ्रेंच सुदान म्हणत. वेळा मी उन्हाच्या हिशेबाने लावल्या आहेत, कारण केइताचं सगळं काम उन्हावर चालायचं.

आठ. गिऱ्हाइकं येऊ लागतात. कुणी कारकून, कुणी दुकानदार, कुणी नवी आई. भिंतीवर नमुन्याचे फोटो लावलेले असतात. ‘मला असा हवा’ म्हणून ते बोट दाखवतात. ज्याला हवा त्याला युरोपी सूट, टाय, मनगटी घड्याळ, फाउंटन पेन, रेडिओ मिळतो. हे सगळं स्टुडिओचंच. उसनं घड्याळ बांधलेल्या माणसाला खोटं ठरवावं असं मला कधीच वाटलं नाही. कसं दिसायचं हे त्याने स्वतः ठरवलं होतं. आणि परक्या राजवटीत ही साधी गोष्ट नव्हती.

नऊ ते अकरा हा दिवसाचा गाभा. एक बाई बुबू, म्हणजे घोळदार झगा, घालून बसते. केइता तो घोळ पसरून देतो, इतका की चौकट कापडानेच भरते. मग चेहरा किंचित वळवतो. मग बोटं, कारण लांबसडक बोटं ही तिथे सौंदर्याची खूण. फुलाफुलांचं कापड आणि मागचा नक्षीचा पडदा एकमेकांत मिसळतात, आणि त्यातून चेहरा तेवढा वर येतो. खाली अंगणाची माती दिसते, ती तो लपवत नाही. तिकाटण्यावर मोठा कॅमेरा, 13 बाय 18 सेंटिमीटरची निगेटिव्ह. ती महाग, म्हणून माणशी एकदाच टिपायचं. केइता मुळात सुतार, शाळा कधी पाहिली नाही. 1935 साली काकाने सेनेगलहून आणलेल्या कोडॅक ब्राउनीवर तो चुकत-चुकत शिकला. फळीवर करवत चालवण्याआधी दोनदा मापणारा हात इथेही तसाच थांबतो, असं त्याचे फोटो पाहताना मला वाटतं.

बारा. ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली सावल्या. काम थांबतं.

चारनंतर पुन्हा तेच, दिवेलागणीपर्यंत.

रात्री डार्करूम. निगेटिव्ह कागदावर टेकवून तेवढ्याच आकाराची प्रिंट. प्रिंटच्या पाठीवर त्याच्या नावाचा शिक्का उमटतो. निगेटिव्ह मात्र बिनशिक्क्याची खोक्यात जाते. अशा हजारो साठल्या. 1991 साली न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात अशाच निगेटिव्हवरून काढलेले त्याचे फोटो लागले, तेव्हा खाली लिहिलं होतं: छायाचित्रकार अज्ञात. केइता तेव्हा बामाकोतच राहत होता.