दहा दिवसांचं बाळ आणि कल्याणची आनंदी

कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर का झाल्या? शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, ‘त्यांचं बाळ गेलं म्हणून’ असं उत्तर येतं. उत्तर खोटं नाही. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेल्या यमुनेचं नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न झालं, ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत दगावला.

पण त्या काळी बाळं घरोघरी दगावत होती. त्या आया डॉक्टर झाल्या नाहीत; बहुतेकींनी दैवाला दोष देऊन डोळे पुसले. दुःख तेच, अर्थ वेगळा.

ठाण्यात १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेने मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी घरांपर्यंत नेली. तिचा गाभा हाच आहे: घटना आणि तिचा आपल्यावर होणारा परिणाम यांच्यामध्ये आपली धारणा उभी असते.

आनंदीबाईंची धारणा काय होती, ते त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात भरसभेत सांगितलं. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. देशाला हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हा त्यांचा मुद्दा. शिकायला अमेरिकेलाच का, हे सांगताना त्यांनी रस्त्यावरचा छळ पुढे मांडला: शाळेत चालत जाणाऱ्या मुलीकडे लोक कसे टवकारून बघतात, कसे टोमणे मारतात. म्हणजे त्यांच्या जिद्दीत बाळाइतकाच हा रस्ताही होता.

आणि घरही होतं. लग्नानंतर मुलीला शिकवू द्यावं, ही गोपाळरावांची अट होती, पण शिकवण्याची तऱ्हा भयंकर. दहाव्या वर्षी लाकडाने मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकलीत आणि सोडून जाण्याची धमकी दिलीत, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा केल्यात, अशा आशयाचं पत्र आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांनाच लिहिलं. मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत धीराची गोष्ट वाटते. ज्याने मारलं त्यानेच दार उघडलं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच पत्रव्यवहारात सांभाळणं सोपं नव्हतं.

अमेरिकेत, फिलाडेल्फियात वैद्यकीचं शिक्षण घेताना, त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. ११ मार्च १८८६ला पदवी मिळाली. बाळाचा अनुभव असा, अभ्यासाच्या रूपात, पुन्हा वर आला.

कथेतल्या माणसाचं थोडं निराळं असतं. श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने आणि २०१९च्या चित्रपटाने ही जोडी घरोघरी नेली. कथेला कलाटणी लागते, वाचकाला एक ठळक कारण हवं असतं. बाळाचा मृत्यू ते पुरवतो. यात गैर काही नाही. पण चांगला लेखक पात्राच्या पाठीशी एकच जखम बांधत नाही. गोपाळराव नुसते जुलमी किंवा नुसते सुधारक केले, तर ते कागदीच राहतील.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधली नेमणूक आनंदीबाईंना मिळाली, पण २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. कल्याण-ठाण्यातल्या शिक्षकांना एक विनंती: मुलांना ही गोष्ट सांगताना बाळापाशी थांबू नका. ते सेरामपूरचं भाषण आणि ते पत्रही वर्गात वाचून दाखवा.