घरात रेंज का येत नाही?
विक्रोळीला कन्नमवार नगरात माझी आजी राहते. फोन वाजला की ती आधी खिडकी गाठते, मग ‘हॅलो’ म्हणते! दोष फोनचा नाही, भिंतीचा. काँक्रीट आणि त्यातल्या सळ्या रेडिओ लहरींना कमजोर करतात. सिग्नल १० डेसिबलने घटला, की ताकद उरते फक्त एक दशांश!

मग करायचं काय? बाजारातला बूस्टर नको. विनापरवाना तो बेकायदा आहेच, शिवाय टॉवरला अडथळा आणून शेजाऱ्यांचेही कॉल तोडतो. त्याच वेळी कुणाला १०८ लावायचा असेल तर?

त्यापेक्षा घरी वाय-फाय आणि फोनमध्ये सोय असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा. भारतात ते २०१९ पासून आहे. आजी आता पोळ्या लाटता लाटता बोलते. मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की एवढं कराच.