लेख, अहवाल की पुस्तक? लाटेकमधील साच्याची निवड

मजकूर टंकलिखित करणे आणि मजकूर जुळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला जरा उशिराच कळले. आमचा पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण होत आला होता. चार वर्षांत लिहिलेले चार शोधनिबंध एकापुढे एक जोडले की प्रबंध झाला, अशी आमची समजूत. निबंध 'लाटेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिलेले होते, म्हणून जोडणी सोपी वाटली. छापून पाहिले तर आकृत्यांचे क्रमांक १ पासून ४७ पर्यंत सरळ गेलेले, समीकरणांनी शंभरी ओलांडलेली आणि प्रकरण नावाची गोष्टच कुठे नाही. कोणीतरी सांगितले, "साचा बदला, एका शब्दाचे काम आहे." बदलला. आता पहिल्या विभागाला क्रमांक आला ०.१! प्रबंध सादर करायला आठ दिवस उरले होते. घाटकोपर ते बोरिवली या रोजच्या प्रवासात, दादरला गाडी बदलताना मिळेल त्या बाकावर बसून, लाल पेनने क्रमांक दुरुस्त करण्यात ते आठ दिवस गेले.

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी साचा म्हणजे काय ते आधी पाहू.

पूर्वी छापखान्यात लेखक फक्त हस्तलिखित देत असे. शीर्षक किती मोठे, समास किती, ओळ किती लांब, हे जुळारी आणि छापखान्याचा अनुभवी फोरमन ठरवत. संगणक आल्यावर ही सर्व कामे लेखकाच्याच गळ्यात पडली. लेखक शीर्षक निवडून ठळक करतो, पुढच्या पानावर तेच करायला विसरतो आणि शंभर पानांत शीर्षकांचे पाच प्रकार होतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड नूथ यांना १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, तेव्हा त्यांतील गणिताची जुळणी पाहून ते निराश झाले. त्यांनी स्वतःच 'टेक' ही जुळणीची प्रणाली लिहायला घेतली. (टेकच्या आवृत्त्यांचे क्रमांक पायच्या किमतीकडे सरकत जातात: ३.१४, ३.१४१, ३.१४१५ असे.) टेक सामर्थ्यवान पण वापरायला अवघड. १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेक' उभारली. तिचे सूत्र असे, की लेखकाने 'हे काय आहे' एवढेच सांगावे: हे प्रकरण, हा विभाग, ही आकृती, हे समीकरण. ते 'कसे दिसावे' हे साचा ठरवील. साचा म्हणजे जणू फोरमनच्या डोक्यातले नियम, एका फाइलमध्ये लिहून ठेवलेले. धारिकेच्या पहिल्याच ओळीत त्याचे नाव द्यायचे असते.

लाटेकबरोबर येणारे मुख्य साचे तीन.

'आर्टिकल' हा लेखाचा साचा. यात प्रकरण नसते. सर्वांत वरचा घटक म्हणजे विभाग. शीर्षक पहिल्याच पानावर, त्याखाली गोषवारा आणि लगेच मजकूर. समीकरणे १, २, ३ अशी अखंड मोजली जातात. पाच-पंचवीस पानांचा शोधनिबंध, प्रयोगाची टिपणे, विद्यार्थ्याचा लहान प्रकल्प यांना हा पुरेसा आहे.

'रिपोर्ट' हा अहवालाचा साचा. यात प्रकरणे येतात. शीर्षकाला स्वतंत्र पान मिळते, गोषवाऱ्यालाही. तिसऱ्या प्रकरणातील पाचवे समीकरण ३.५ होते. चौथ्या प्रकरणात एक समीकरण नव्याने घातले तर फक्त त्याच प्रकरणाचे क्रमांक पुढे सरकतात. प्रबंधाला हा योग्य. आमचा ०.१ कोठून आला हेही आता कळेल: आमच्या धारिकेत विभाग होते, पण त्यांच्यावर प्रकरण नव्हते. साच्याने प्रामाणिकपणे 'शून्यावे प्रकरण, पहिला विभाग' असे छापले. विभागांची प्रकरणे आणि उपविभागांचे विभाग अशी प्रत्येकाला एक पायरी बढती द्यायला हवी होती.

'बुक' हा पुस्तकाचा साचा. तो कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई गृहीत धरतो, म्हणून डाव्या आणि उजव्या पानांचे समास वेगळे. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू होते, त्यामुळे मध्ये कोरी पाने येतात. ती चूक नव्हे. प्रस्तावना-अनुक्रमणिकेच्या पानांना रोमन अंक देण्याची सोय यात आहे. गोषवारा मात्र नाही, कारण पुस्तकाला गोषवारा नसतो.

याखेरीज कामापुरते साचे पुष्कळ आहेत. व्याख्यानाच्या स्लाइड्ससाठी टिल टांटाउ यांचा 'बीमर' आहे. शिक्षकांना विशेष उपयोगी 'एक्झाम'. प्रत्येक प्रश्नापुढे गुण लिहिले की तो बेरीज करतो, गुणांचा तक्ता काढतो. प्रश्नांखाली उत्तरेही लिहून ठेवता येतात. एका आज्ञेने ती लपतात वा दिसतात. म्हणजे प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका एकाच धारिकेतून निघतात, आणि दोहोंत तफावत पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता तीन खाचखळगे.

पहिला कागदाचा. हे साचे अमेरिकेत घडले, म्हणून काही न सांगितल्यास पानाची आखणी तिथल्या लेटर मापाच्या कागदाप्रमाणे, म्हणजे २१५.९ × २७९.४ मिलिमीटर, होते. आपला ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. तो वापरायचा असे पहिल्याच ओळीत सांगावे.

दुसरा समासांचा. दहा पॉइंट अक्षरांना आर्टिकल साचा सुमारे १२ सेंटिमीटरचीच ओळ देतो. कागद २१ सेंटिमीटर रुंद. म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर दोन्ही समासांत गेले. 'कागद वाया जातो' म्हणून विद्यार्थी समास कापतात. पण ओळ फार लांब झाली की डोळा ओळीच्या शेवटाहून परतताना पुढची ओळ चुकतो. एका ओळीत साठ-सत्तर अक्षरे वाचायला सुखाची. जागा वाचवायचीच असेल तर लांब ओळीऐवजी दोन स्तंभ करावेत. विद्यापीठाने बांधणीसाठी डावा समास मोठा मागितला असेल तर तो मात्र निमूटपणे द्यावा.

तिसरा मराठीचा. साच्यांचा मूळ फाँट 'कॉम्प्युटर मॉडर्न'; त्यात देवनागरी नाही. म्हणून मराठी मजकुरासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरून युनिकोड फाँट जोडावा लागतो. पवईच्या आय.आय.टी.त तयार झालेला 'शोभिका' हा मोफत फाँट येथे कामी येतो. तो राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' या फाँटवर आधारलेला असून त्यात अकराशेहून अधिक जोडाक्षरे आहेत. रोमन लिपी आणि नेहमीची गणिती चिन्हेही आहेत. तो साधा आणि ठळक अशा दोनच रूपांत मिळतो. येथे साच्याचा एक नियम अडतो. साचा महत्त्वाचा शब्द तिरप्या अक्षरांत छापतो. फाँटला तिरपे रूपच नसेल तर तो शब्द साधा छापला जातो आणि आपला जोर मुकाट्याने नाहीसा होतो. म्हणून मराठीत जोर ठळक अक्षराने दाखवावा. शिवाय वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींमधले अंतर थोडे वाढवावे.

मग साचा निवडायचा कसा? आमच्या मते तीन प्रश्न, याच क्रमाने विचारावेत. वाचणारी संस्था स्वतःचा साचा देते का? नियतकालिक किंवा विद्यापीठ देत असेल तर तोच घ्यावा, त्यात हौसेने बदल करू नयेत. नसेल, तर लिखाणाला प्रकरणे आहेत का? नसतील तर आर्टिकल. असतील, तर गोषवारा आणि एका बाजूची छपाई हवी आहे, की दोन्ही बाजूंची आणि बांधीव प्रत? पहिल्याला रिपोर्ट, दुसऱ्याला बुक.

एवढे करूनही पुढे साचा बदलावा लागेलच. त्या दिवसासाठी एक सवय आजपासून लावावी: 'समीकरण २३ पाहा' असा आकडा हाताने कधीही लिहू नये. समीकरणाला खुणेचे नाव द्यावे आणि मजकुरात त्या नावाने निर्देश करावा. आकडा प्रणाली घालते. आमचे आठ दिवस गेले ते साच्यामुळे नव्हे, तर हाताने लिहिलेल्या त्या शे-दोनशे आकड्यांमुळे. साच्याने आपले आकडे क्षणात बदलले होते. आमचे बदलणार कोण?

शिकण्यासाठी आय.आय.टी.च्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लाटेकवरील पाठमालिका आहे. अहवाललेखनाचा पाठ त्यात स्वतंत्र आहे. पण वर्गात संगणक नसला तरी सुरुवात करता येईल. विद्यार्थ्यांना एक मासिक, एक अहवाल आणि एक पाठ्यपुस्तक द्या. प्रत्येकात प्रकरणे आहेत का, आकृत्यांचे क्रमांक कसे चालतात, समास कोठे मोठा आहे, हे मोजपट्टी घेऊन टिपायला सांगा. अर्ध्या तासात तिन्ही साचे ते स्वतःच शोधून काढतील. आपल्या प्रकल्पाला कोणता साचा शोभेल, हे त्यानंतर त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.